काळ्या गाडीवरची स्वर्ल मार्क्सची जाळी: घरीच मशीन पॉलिश करावं की नको?

निवांत_गडी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारूनच टाकतो. गाडी मेटॅलिक काळी, ६ वर्षं वापरातली. सावलीत उभी असली की झकास दिसते पण उन्हात आणली किंवा रात्री दिव्याखाली लावली की बॉनेटवर आणि डिकीवर गोल गोल बारीक चऱ्यांची जाळी दिसायला लागते, आणि एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही. हाताने पॉलिश लावून बघितलं, दोन धुण्यांनंतर परत तेच. आता डीए (ड्युअल ॲक्शन) पॉलिशिंग मशीन घेऊन स्वतःच करावं असं डोक्यात आहे. शंका अशा: क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) उडेल का? कुठलं पॅड, कुठलं कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट), किती स्टेप? डिकीचं झाकण मधे एकदा रंगवलेलं आहे, तिथे काही वेगळं करावं लागतं का? आणि डाव्या मागच्या दारावर एक लांब ओरखडा आहे, नख फिरवलं की अडकतं, तो यात जाईल का? आधी कधी मशीन हातात धरलेलं नाही, त्यामुळे बेसिकपासून सांगितलं तरी चालेल.

पाना_दहाचा:
करा बिनधास्त, पण घाई न करता. आधी क्लिअर कोटचं बघू कारण सगळ्यांची धाकधूक तिथेच असते. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, बेस, क्लिअर सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो आणि त्यातला वरचा क्लिअर ३५ ते ५० च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे तुमच्याकडे खेळायला एक केसभरसुद्धा जागा नाही. आता दिलासा, डीएवर फोम पॅड आणि मध्यम पॉलिश घेऊन चार-सहा फेऱ्यांचा एक सेट मारला तर जातात एक-दोन मायक्रॉन, फिनिशिंगला त्याहून कमी. म्हणजे एकदा नीट केलं तर काही होत नाही. पण दर सहा महिन्यांनी "जरा चमकवून घेऊ" म्हणून कंपाउंड मारत बसलात तर काही वर्षांत क्लिअर पांढुरका पडून पापुद्रे निघायला लागतील, कारण उन्हापासून वाचवणारा मालमसाला त्या क्लिअरमध्येच असतो आणि तुम्ही तो वरून खरवडत असता.

आणि ती जाळी गोल दिसते म्हणून चरे गोल नसतात बरं का. चरे सगळ्या दिशांना वेडेवाकडे पडलेले असतात, त्यातले प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात म्हणून दिव्याभोवती रिंगणं दिसतात. टॉर्च बॉनेटवरून हळूहळू सरकवून बघा, रिंगणही टॉर्चबरोबर सरकतं. म्हणूनच ट्यूबलाइटखाली गाडी निर्दोष वाटते आणि उन्हात अब्रू जाते. तपासायला एक छोटी प्रखर एलईडी टॉर्च हवीच, मशीनइतकीच ती महत्त्वाची.

ज्या ओरखड्यात नख अडकतं त्याच्या नादी लागू नका. त्याचा तळ गाठेपर्यंत घासलं तर आजूबाजूचा क्लिअरच संपेल. कडा थोड्या बोथट झाल्या की लांबून कमी दिसतो, तेवढ्यावर समाधान माना, नाहीतर टचअप पेंट.

तयारी सांगतो, हीच लोक टाळतात. गाडी नीट धुवा, मग आयर्न रिमूव्हर मारा (जांभळे ओघळ येतात, घाबरू नका, ब्रेकच्या लोखंडी कणांशी होणारी ती रिॲक्शन आहे), डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा, मग भरपूर लुब्रिकंट मारून क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी) फिरवा. पातळ प्लास्टिक पिशवी हातावर चढवून पत्र्यावरून बोटं फिरवली की खरखर लगेच कळते, ती पूर्ण जाईपर्यंत क्ले. ही घाण राहिली तर पॅडमध्ये अडकून तुम्हीच नवीन चरे पाडत बसाल. क्लेनेही थोडे चरे पडतातच, म्हणून ती पॉलिशच्या आधी करायची, नंतर नाही. मग काळं प्लास्टिक, रबराच्या पट्ट्या, लोगो आणि पॅनेलच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो.

मशीन: नवशिक्याला १५ एमएम थ्रोची (थ्रो म्हणजे पॅड इकडेतिकडे किती हलतं ते) साधी डीए, ५ इंची पॅडवाली. २१ एमएम मोठ्या सपाट पत्र्यावर भरभर काम करते पण वळणावर अडखळते. ८ एमएमही चालते, फक्त वेळ जास्त जातो. पिलर, बंपरच्या खाचा यांच्यासाठी ३ इंची पॅड आणि बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती) मिळाली तर बघा. पॅड घेताना हात आखडू नका, कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग असे तिन्ही प्रकारचे दोन-तीन नग तरी हवेत.

आता मुख्य गोष्ट. टेस्ट स्पॉट. बॉनेटवर टेप लावून दीड-दोन फुटांचा एक चौकोन करा आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करा, म्हणजे पॉलिशिंग फोम आणि मध्यम पॉलिश. पहिल्यांदा पॅडला सगळीकडे पातळ पॉलिश चोळून घ्या, मग हरभऱ्याएवढे चार थेंब. मशीन पत्र्यावर टेकवूनच चालू करायचं, हवेत चालू केलं की सगळं थोबाडावर. स्पीड १-२ वर पसरवा, मग ४-५ वर न्या, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या निवांत चालीने आधी आडवं मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, चार ते सहा फेऱ्या. पुसा, पाण्यात १०-१५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून ते मारून परत पुसा (नाहीतर पॉलिशमधलं तेल चरे झाकून ठेवतं आणि आपण उगाच खूश), मग टॉर्च. गेले तर तीच जोडी सगळ्या गाडीला. नाही गेले तर आधी पॅड बदला, तरीही नाही तर कंपाउंड. लोक उलटं करतात, पहिल्याच दिवशी लोकरीचं पॅड आणि सगळ्यात जहाल कंपाउंड.

रोटरीप्रेमी:
वरच्या पोस्टला मान आहे पण डीएने अख्खी गाडी करायची म्हणजे दोन दिवस कंबर मोडून घ्यायची. रोटरी (पॅड नुसतं गोल फिरवणारं मशीन) शिका राव. जुने कारागीर सगळे रोटरीवरच तयार झालेत आणि कट, म्हणजे चरे काढायची ताकद, जो मिळतो तो डीएला सात जन्मात मिळत नाही. पॅड पत्र्याला सपाट ठेवलं, १२०० आरपीएमच्या वर गेलं नाही आणि हात फिरता ठेवला तर काही जळत नाही. सगळे उगाच रोटरीचा बागुलबुवा करतात.

मायक्रॉनमास्तर:
रोटरीप्रेमी, तुमच्या हातात रोटरी शोभते, मान्य. पण प्रश्न विचारणाऱ्याने आयुष्यात मशीन धरलेलं नाही आणि गाडी काळी आहे हो! रोटरीत पॅड एकाच अक्षाभोवती फिरतं, सगळी उष्णता एका जागी साठते. कडेवर किंवा बॉडीलाइनवर दोन सेकंद जास्त थांबलं की खालचा बेस कोट दिसतो, तिथून परत येणं नाही. बंपर तर प्लास्टिकचा, तो पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाही, लवकर तापतो. आणि काळ्या रंगावर होलोग्राम म्हणजे उन्हात त्या तिरप्या लाटा दिसतात ना, त्या रोटरीच्याच. त्या काढायला शेवटी डीएच लागते. मग नवशिक्याने सरळ डीएच का घेऊ नये? डीएचं पॅड फिरतंही आणि हलतंही, आणि जास्त दाबलं की फिरायचं थांबतं. हा दोष नाही, सुरक्षा आहे.

निवांत_गडी, त्यावरूनच एक युक्ती. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. नुसती थरथरतेय म्हणजे पॅड फिरत नाहीये आणि तुम्ही नुसता पत्रा गरम करताय. दाब कमी करा नाहीतर पॅड सपाट करा. वळणावर हे हमखास होतं.

रंगवलेल्या डिकीबद्दल: शक्य असेल तर पेंट थिकनेस गेज कुणाकडून तरी उसनं आणा. बाकी पत्रा ११०-१३० दाखवत असेल आणि डिकी २०० च्या पुढे असेल तर तो दुसऱ्यांदा रंगवल्याचाच आकडा. ५०० च्या वर गेलं तर खाली पुट्टी समजा. पण आकडा मोठा आला म्हणून बेफिकीर होऊ नका, साधं गेज एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअर किती ते नाही सांगत. पेंटरने घासून फिनिश केलं असेल तर एकूण २५० आणि क्लिअर पातळ असंही असू शकतं. शिवाय गॅरेजमधला रंग कंपनीच्या रंगापेक्षा बऱ्याचदा मऊ असतो, तेव्हा डिकीवर वेगळा टेस्ट स्पॉट घ्या, बॉनेटवरचा निकाल तिथे लावू नका. प्लास्टिकच्या बंपरवर साधं गेज काही दाखवणारच नाही, ते बिघडलंय असं समजून आपटू नका. ॲल्युमिनियमचा बॉनेट असेल तर नुसतं लोखंडावर चालणारं गेजही मुकंच राहतं, दोन्ही धातूंवर चालणारं लागतं.

रोटरीप्रेमी:
ठीक आहे मास्तर, काळ्या गाडीचा मुद्दा पटला. फक्त एक, ड्रिलला लावायची ती पॉलिशिंग प्लेट येते ना, ती घेऊ नका कुणी. ती ना रोटरी ना डीए, वजनाचा तोल नाही, स्पीडवर ताबा नाही. त्यापेक्षा हाताने घासलेलं बरं.

फडकेबंदी:
मशीनचं चाललंय ते चालू द्या, पण चरे आले कुठून हे कुणी विचारलंच नाही. निवांत_गडी, सकाळी गाडीवर कोरडा फडका किंवा डस्टर मारता का? तिथेच उत्तर आहे. धूळ म्हणजे बारीक वाळू, फडक्याखाली धरून ती अख्ख्या गाडीवर ओढली की झाली जाळी तयार. तुम्ही दोन दिवस राबून जाळी काढणार आणि आठवड्यात तोच फडका ती परत विणणार.

पॉलिशनंतर धुण्याची पद्धत बदला. आधी फोम किंवा नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने जेवढी धूळ सुटते तेवढी सुटू द्या, मग दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि एकीत साधं पाणी, मायक्रोफायबरचा मिट (धुण्याचा हातमोजा) दर पॅनेलनंतर साध्या पाण्यात झटकून मगच परत शाम्पूत. वरून खाली यायचं, खालच्या पट्ट्याला आणि चाकांना मिट वेगळा. स्पंज नको, त्याच्या सपाट पोटाखाली कण अडकून बसतात. पुसताना मोठा जाड टॉवेल अंथरून पाणी शोषू द्यायचं, रगडायचं नाही. टॉवेल एकदा जमिनीवर पडला की तो टायरसाठी, गाडीला परत लावायचा नाही. आमच्या घरी या नियमावरून वाद होतात, पण नियम म्हणजे नियम.

आणि बाहेर धुवायला देणार असाल तर फक्त पाण्याचा फवारा मारून घ्या, फडका आपला. दिवसभर सगळ्या गाड्यांना फिरलेला मिट आपल्या गाडीला लागला की कुठलाही कोटिंगवाला ते चरे थांबवू शकत नाही. सिरॅमिक कोटिंगवरसुद्धा धुण्याचे चरे पडतात, कुणी काही सांगो. त्याने गाडी धुवायला सोपी जाते, पाणी घरंगळतं, पण ते चिलखत नव्हे.

निवांत_गडी:
सगळ्यांचे आभार, फडकेबंदी तुम्ही तर घरात कॅमेरा लावल्यासारखं लिहिलंय. मशीन आलं, १५ एमएम. धुणं, आयर्न रिमूव्हर, क्ले सगळं केलं, क्लेवर काळपट पिवळा थर आला तो बघून लाज वाटली. बॉनेटवर टेस्ट स्पॉट घेतला. पॉलिशिंग फोम आणि मध्यम पॉलिशने साधारण अर्धे चरे गेले. मग मायक्रोफायबर कटिंग पॅड आणि कंपाउंडने जवळपास सगळे गेले, पण आता नवीनच प्रकार. टेपच्या आतल्या चौकोनात टॉर्च मारली की चरे नाहीत पण एक धुरकट, राखाडी पडदा दिसतो. काळा रंग काळा न दिसता करडा वाटतोय. टेपबाहेरचा चऱ्यांनी भरलेला भाग उलट जास्त काळा दिसतो! काय बिघडलं?

पाना_दहाचा:
काही बिघडलं नाही, याला मायक्रोमारिंग किंवा हेझ म्हणतात. मायक्रोफायबरचे तंतू आणि कंपाउंडचे कण मिळून मोठे चरे काढतात पण मागे डोळ्याला एकेकटे न दिसणारे अतिबारीक चरे सोडतात, ते प्रकाश विखरतात आणि काळा रंग करडा दिसतो. पांढऱ्या गाडीवर हेच झालं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं. यावरून एवढंच कळतं की तुमचा क्लिअर मऊ बाजूचा आहे. आता मऊ फिनिशिंग फोम आणि बारीक फिनिशिंग पॉलिश घ्या, स्पीड ३-४, दाब म्हणजे मशीनचं स्वतःचं वजन आणि वर हाताचा आधार, बस. दोन-तीन फेऱ्यांत पडदा उचलला जाईल.

पण त्याआधी एक करून बघा. मायक्रोफायबर सोडून फोमचंच कटिंग पॅड आणि तेच कंपाउंड. मऊ रंगावर बऱ्याचदा फोमने कट पुरेसा मिळतो आणि पडदा निम्माच राहतो, मग दुसरी स्टेप हलकी होते. आणि ते शेवटचे पाच-दहा टक्के चरे जाईपर्यंत भांडू नका. टॉर्चखाली शोधून सापडणारे चरे उन्हात कुणाला दिसत नाहीत, तेवढा क्लिअर पुढच्या खेपेला ठेवा.

मायक्रॉनमास्तर:
यात भर. पॅड साफ करत होतात का? दर चौकोनानंतर पॅडवर ब्रश मारायचा किंवा कॉम्प्रेस्ड हवा, नाहीतर निघालेला क्लिअर आणि वाळलेलं कंपाउंड पॅडवर साचून तेच परत घासलं जातं आणि हेझ वाढतो. दोन-तीन पॅनेल झाले की पॅडच बदला, तापलेला फोम ढिला पडतो आणि मागचं वेल्क्रोही सुटायला लागतं. आणि पुसताना काय वापरता? मऊ रंगावर साधा टॉवेल जोरात ओढला तर पुसण्यानेच चरे पडतात, मग माणूस परत पॉलिश करतो आणि परत पुसतो, चक्र संपतच नाही. जाड, लांब धाग्यांचा मायक्रोफायबर, कडेची शिवलेली पट्टी काढलेला, आणि पुसण्याआधी त्यावर अल्कोहोलच्या पाण्याचा एक फवारा.

काम सावलीतच. पत्र्याला हात लावून कोमट वाटलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर थांबा. वायर खांद्यावरून पाठीमागे सोडा, पत्र्यावर घासू देऊ नका. बेल्टचं बकल, घड्याळ, अंगठी काढून ठेवा, नाहीतर छतावर पॉलिश मारताना दारावर बकलने नवीन सही कराल. मास्क आणि चष्माही घाला, धूळ बारीक असते.

लाल_डबा:
मधेच घुसतो, माझीही शंका. जुनी लाल गाडी आहे, पॉलिश केलं की पॅडवर लाल रंग येतो. म्हणजे क्लिअर संपला का?

मायक्रॉनमास्तर:
दोन शक्यता. जुन्या गाड्यांवर बऱ्याचदा सिंगल स्टेज रंग असतो, वर वेगळा क्लिअर नसतोच, तिथे पॅडवर रंग येणं नॉर्मल. तसं असेल तर पॉलिश करता येतं, फक्त थर खाली जातोय हे ध्यानात ठेवून. पण क्लिअर असलेल्या गाडीवर रंग आला तर त्या जागी क्लिअर गेला, तिथेच थांबायचं. ओळखायला एका लपलेल्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हाताने चोळा, सगळीकडे रंग उतरत असेल तर सिंगल स्टेज. मॅट रंग असेल तर मात्र पॉलिशचा विचारच सोडा, मॅटला चमक आली की ती परत घालवता येत नाही.

निवांत_गडी:
फोम कटिंग पॅड आणि मग फिनिशिंग, हीच जोडी लागली. बॉनेट आणि दोन्ही फेंडर झाले. टॉर्चखाली काही खोल चरे अजून आहेत पण करडेपणा पूर्ण गेला आणि मेटॅलिकचे कण आता खोलातून चमकतात. डिकीवर वेगळा टेस्ट स्पॉट घेतला, तिथे कंपाउंडची गरजच पडली नाही, फिनिशिंगनेच काम झालं, मास्तर तुमचं बरोबर निघालं. दारावरचा तो ओरखडा तसाच सोडलाय. दोन शेवटचे प्रश्न. पुढच्या बंपरच्या काळ्या जाळीवर पॉलिशचे शिंतोडे वाळून पांढरे झालेत, कसे काढू? आणि सगळं झाल्यावर लगेच वॅक्स की सिरॅमिक?

फडकेबंदी:
शिंतोड्यांसाठी ऑल पर्पज क्लीनर पातळ करून, जुना मऊ टूथब्रश, हलक्या हाताने. खरबरीत प्लास्टिकवर सुकं घासलंत तर पांढरं आणखी आत जातं, आधी भिजू द्या. पुढच्या खेपेला जाळीवर रुंद टेप मारा, कटकटच नाही. पॅनेलच्या फटींमध्येही पॉलिश साचलं असेल, पहिल्या धुण्यात ओघळून बाहेर येतं, तेव्हा आत्ताच ब्रश फिरवून घ्या.

वरच्या थराचं म्हणाल तर तुम्ही दर आठवड्याला स्वतः धुणार असाल तर साधा सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम थर) पुरे, काही महिन्यांनी परत लावता येतो आणि लावताना चुकलं तरी पुसून टाकता येतो. सिरॅमिक लावायचं तर पॅनेल वाइपने तेल पूर्ण काढावं लागतं, बाटलीवर लिहिलेल्या वेळात पुसून एकसारखं करावं लागतं, आणि डाग वाळून राहिला तर तो काढायला परत मशीन. पहिल्याच खेपेला एवढं अंगावर घेऊ नका असं माझं मत.

पाना_दहाचा:
सीलंटला माझंही मत. छत आणि पिलर (छताचे खांब) अजून राहिलेत ना? पिलरला ३ इंची पॅड घ्या आणि स्पीड एकने कमी ठेवा, तिथे वळण सगळीकडून आहे. वापरलेले पॅड आजच कोमट पाण्यात पॅड क्लीनर घालून पिळून घ्या, कंपाउंड एकदा फोममध्ये कडक झालं की निघत नाही. वाळवताना वेल्क्रोची बाजू वर, म्हणजे पाणी फोममधून खाली उतरतं आणि चिकटवलेल्या जागेत मुरत नाही.